तळमजल्याचं टिंब

“बसलं का रे?” मावशीनं विचारलं.

“बसतंय,” तो म्हणाला. “नेट जरा रडतंय.”

नेट काही रडत नव्हतं. टॅबवर नकाशा स्वच्छ उघडला होता आणि मावशीच्या घराचं टिंब मागच्या इमारतीवर जाऊन बसलं होतं, पिवळंधमक. तो तिच्या दारात उभा होता. आत खिडकीखाली शिलाई मशीन होतं, त्यावर अर्धी चेन बसवलेलं एक दप्तर पालथं पडलं होतं. मावशी चष्मा कपाळावर चढवून त्याच्या बोटाकडे टक लावून बघत होती.

दप्तरांच्या, पँटींच्या, जाकिटांच्या बिघडलेल्या चेनी बसवून देणं हा तिचा धंदा, म्हणून सगळी वसाहत तिला चेनवाली म्हणायची, तोंडावर मावशी. आणि ह्याला सगळे टिंबवाला म्हणायचे. गृहमंडळात तो पाहणीचं काम करायचा.

मंडळाची घरं गरिबांसाठी, कमी भाड्याची. ती घेऊन लोक परस्पर दुसऱ्याला द्यायचे आणि स्वतः भलतीकडेच राहायचे. म्हणून साहेबांनी एक ॲप आणलं. प्रत्येक भाडेकरूच्या फोनमध्ये ते असलंच पाहिजे असा नियम झाला. फोन रात्री जिथं झोपतो तिथं माणूस राहतो, इतका साधा हिशेब. फोन घरात असला की नकाशावर घराचं टिंब हिरवं. फोन दुसरीकडेच दिसायला लागला की पिवळं. पिवळं तसंच राहिलं की राखाडी. राखाडी म्हणजे घर रिकामं, काढून घ्या आणि यादीतल्या पुढच्या माणसाला द्या. विचार काही वाईट नव्हता. कित्येक लबाड त्यानं उघडे पडले होते आणि टिंबवाल्याला तेव्हा आपल्या कामाचा अभिमानही वाटला होता.

घोडं अडायचं ते तळमजल्यावर. उंच इमारतींच्या बेचक्यात फोनला आभाळ धड दिसत नाही, मग टिंब उडतं आणि शेजारच्या नाहीतर मागच्या इमारतीवर जाऊन पडतं. घरातलं माणूस घरातच असतं आणि नकाशा म्हणतो, हे तर तिकडे राहतात. ऑफिसात हे शिपायालासुद्धा ठाऊक होतं. त्यावर उपायही साधा होता. पाहणीवाल्यानं जायचं, दारात उभं राहायचं, टिंबावर बोट ठेवून ते ओढत घरावर आणायचं आणि हिरवं होईपर्यंत दाबून धरायचं. याला ते लोक टिंब बसवणं म्हणत. पाहणीवाला येऊन गेला आणि टिंब बसलं नाही, तर घर खरंच रिकामं आहे असं ऑफिसातलं मशीन धरून चालायचं. वेगळं काही लिहायची गरजच नसायची.

त्यानं बोट ठेवलं. टिंब ओढलं आणि मावशीच्या दारात आणलं. आता नुसतं धरून ठेवायचं होतं. एवढ्यात त्याची नजर दाराच्या रुंदीवर गेली. चाकाची खुर्ची सहज आत गेली असती. पायरी नव्हती. खिडकी थेट अंगणावर उघडत होती आणि अंगणातून माणसांची नुसती ये-जा चालली होती.

त्यानं बोट उचललं. टिंब सुटलं आणि पुन्हा मागच्या इमारतीवर जाऊन बसलं.

“झालं?” मावशीनं विचारलं.

“झालं, मावशी.”

“मग पाणी तरी पिऊन जा. उन्हातून हिंडतोस.”

पाणी घेताना त्याला लाज वाटली नाही असं नाही. पण तहान लागली होती, आणि पाणी गार होतं. त्यानं सगळा पेला संपवला.

ज्या आईसाठी त्यानं बोट उचललं, ती चौथ्या मजल्यावर होती. त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. आई बसमध्ये कंडक्टर होती. उभी हयात तिनं गर्दीत काढली. दारात लोंबकळणाऱ्यांना दटावण्यात, पोरांना पुढे ढकलण्यात, फुकट्यांना भर रस्त्यात उतरवण्यात. एकदा चालत्या गाडीच्या पायरीवरून ती स्वतःच पडली, आणि कमरेखालचं शरीर तिचं राहिलं नाही. तेव्हापासून खोली, भिंत आणि छत. दवाखान्यात न्यायचं झालं की तो तिला पाठुंगळी घेऊन जिने उतरायचा, आणि परत आल्यावर चढायचा. चढताना ती त्याच्या कानाशी म्हणायची, “चला, पुढं चला, पुढं जागा रिकामी आहे.” तो हसायचा. अलीकडे हसायला दम उरत नव्हता. डॉक्टरांनी पाठीला पट्टा दिला होता आणि ओझं उचलू नका म्हणून बजावलं होतं. बायको कधीच निघून गेली होती. जिन्याला आणि सासूला ती एकदमच कंटाळली.

“आज कोण कोण भेटलं?” रोज संध्याकाळी आई विचारायची आणि तो सांगायचा. बाहेरचं जग तिला तेवढंच मिळायचं, त्याच्या तोंडून, तेही शिळं.

“एकदा मला खाली नेऊन ठेव रे,” ती म्हणायची. “दारात बसेन, माणसं बघेन. कुणाशी तरी भांडेन. इथं भिंतीशी किती भांडू?”

तळमजल्याच्या यादीत आईचं नाव पहिलं होतं. वशिला नाही, लबाडी नाही, रीतसर पहिलं. पण पहिलं असून उपयोग काय? तळमजल्यावरचं घर कुणी सोडत नाही. तिथून माणूस जातो तो चौघांच्या खांद्यावरूनच. टिंबवाला रोज सकाळी ऑफिसात नकाशा उघडायचा आणि आधी तळमजले बघायचा. कुणी मरतंय का याची आपण वाट बघतोय, हे त्याला कळत होतं. पुढे पुढे तेही अंगवळणी पडलं.

मावशीचं टिंब राखाडी झालं तेव्हा साहेबांनी त्याला हाक मारली.

“हे तळमजल्याचं. तू जाऊन आला होतास ना? टिंब उडालेलं वगैरे नाही?”

“जाऊन आलो होतो, साहेब,” तो म्हणाला. एवढंच म्हणाला.

साहेबांना एवढं पुरलं. मान डोलावून ते म्हणाले, “चला, तुझ्या आईचं नशीब उघडलं म्हणायचं.” आणि मावशीच्या फोनवर नोटीस गेली.

नोटिशीत मजकूर होता आणि खाली नकाशाचा तुकडा. मावशीला बारीक अक्षर लागत नव्हतं, पण चित्र समजलं. चित्रात मागची इमारत होती आणि तिच्यावर लाल खूण. तिचा जीव भांड्यात पडला. हे आपलं नाही, मागच्या इमारतीतल्या कुणाचं तरी घर जातंय आणि नोटीस चुकून आपल्याकडे आली. मग ती गप्प बसणारी बाई थोडीच! दुखरे गुडघे घेऊन, कठडा धरून ती मागच्या इमारतीचे मजले चढली. दारं वाजवून विचारत सुटली, “तुमचं घर जातंय का हो? बघा बरं, वेळेवर हालचाल करा, नाहीतर रस्त्यावर याल.” काहींनी दार लावून घेतलं. एकीनं तिला बसायला खुर्ची दिली. घर जाणारं कुणी सापडलं नाही.

हे सगळं टिंबवाल्याला तिनंच सांगितलं, वसाहतीच्या फाटकाशी गाठून.

“माणूस सापडेना रे. बिचाऱ्याला पत्ताच नसेल. तू बघ ना जरा, तुझ्या त्या पाटीवर दिसत असेल.”

तिनं फोन त्याच्यापुढे धरला. नोटिशीत तिचंच नाव होतं, तिच्याच घराचा नंबर. मुदत अजून शिल्लक होती. चार पावलांवर तिचं दार होतं, आणि बोट त्याच्याजवळच होतं.

“बघतो, मावशी,” तो म्हणाला.

“बघ हं. कुणाचं तरी घर आहे.”

त्या रात्री आईला अंथरुणावर घेताना त्याच्या पाठीत अशी कळ आली की तो तिच्यासकट खाली बसला. आई हसली. “उतरा, शेवटचा थांबा,” ती म्हणाली. मग तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचं हसू मावळलं. त्यानं जे काही ठरवायचं राहिलं होतं, ते तिथं जमिनीवर बसल्या बसल्या ठरवलं.

मुदत संपली तशी ताब्याची माणसं कुलूप घेऊन आली. टिंबवाल्यानं त्या दिवशी शहराच्या दुसऱ्या टोकाची पाहणी मागून घेतली होती. नंतर कानावर आलं ते एवढंच, की चेनवालीनं त्यांना बजावलं, “अहो, चुकलात तुम्ही, ते घर मागं आहे.” आणि त्यांना वाट दाखवायला स्वतः चपला घालून निघाली. तिनं पाऊल बाहेर टाकलं तेव्हाच त्यांनी सामान काढायला सुरुवात केली. तक्रार असेल तर अर्ज करा म्हणाले. आधी ताबा, मग अर्ज, अशीच पद्धत होती.

घर आईच्या नावावर झालं. तिला शेवटचं पाठीवर घेऊन तो खाली उतरला तेव्हा प्रत्येक मजल्यावर ती जिन्याला म्हणत होती, “जा मर आता, जा मर.” नव्या घरात त्यानं तिची खुर्ची खिडकीशी लावली. पहिली कितीतरी मिनिटं ती नुसती बघत राहिली. कुणी पिशवी घेऊन चाललंय, कुणी पोराला ओढतंय, कुणी फोनवर खिदळतंय. मग तिच्या डोळ्यांना धार लागली. “किती माणसं आहेत रे अजून,” ती म्हणाली.

आईचा फोनही तळमजल्यावरचाच, तेव्हा त्याचंही टिंब उडालंच. त्यानं टॅब काढला आणि तिला मोठ्या हौसेनं दाखवलं. “हे बघ, हे आपण. मशीनला वाटतं आपण मागच्या इमारतीत राहतो. आता असं बोट ठेवायचं, ओढायचं, धरायचं. झालं हिरवं.”

“आणि नाही धरलं तर?”

“तर घर जातं,” तो म्हणाला आणि टॅब बंद केला.

आईनं वसाहत हां हां म्हणता ताब्यात घेतली. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवायची, चौकशा करायची, पोरांना दटावायची. दार दिवसभर उघडं. अधूनमधून कुणीतरी दप्तर नाहीतर जाकीट घेऊन डोकवायचं.

“चेन बसवून मिळेल का?”

“इथं चेनवाली राहायची वाटतं?” आईनं त्याला विचारलं. “कुठं गेली ती?”

“मुलीकडे.”

“मग बरंय. म्हातारपणी लेकीकडेच बरं.”

अंगणात पलीकडे एक बाक होता. त्यावर एक बाई रोज येऊन बसते, हे आईच्या नजरेतून सुटणार नव्हतंच. बेघरांच्या निवाऱ्याचा हॉल दिवसा बंद असायचा. तिथली माणसं दिवस ढकलायला जागा शोधत हिंडायची. ही बाई इथं यायची. शिलाई मशीन तिला हॉलमध्ये ठेवू दिलं नव्हतं, म्हणून मांडीवर कुणाची तरी पिशवी घेऊन ती हातानंच टाके घालत बसायची.

एके दुपारी टिंबवाला घरी आला तर बाई आत बसलेली. आईनंच हाका मारून बोलावलं होतं.

“अगं बाई, हा का तुमचा मुलगा!” चेनवालीचा चेहरा उजळला. “टिंबवाला! अहो, फार गुणी आहे हो. माझ्यासाठी किती धडपडला. भर उन्हात दारात उभा राहून माझं टिंब बसवत होता. त्यांचं मशीनच बिघडलं, त्याला हा तरी काय करणार?”

तो दारातच उभा राहिला. आत जावं की बाहेर पडावं, ते त्याला कळेना.

“घर तुमच्याकडे आलं म्हणजे चांगल्या हातात आलं,” चेनवाली आईला म्हणत होती. “दुसरं कुणी असतं तर मला वाईट वाटलं असतं. मी आपला अर्ज केलाय. मला कुठलंही चालेल हो, खालचं तेवढं हवं. गुडघे ऐकत नाहीत.” मग ती त्याच्याकडे वळली. “आला की बघशील ना रे?”

“बघतो, मावशी.”

तिनं चहाचा कप उचलला आणि तो धुवायला मोरीकडे गेली. त्या घरातला नळ उलटा फिरायचा. टिंबवाला अजून रोज चुकायचा, आईही चुकायची आणि नळाला शिव्या द्यायची. चेनवालीनं न बघता नळ उलटा फिरवला, कप धुतला, बंद केला, आणि ओला हात पुसायला भिंतीकडे नेला. पूर्वी तिथं तिचं फडकं असणार. आता तिथं काही नव्हतं. हात तसाच क्षणभर हवेत राहिला. मग तिनं तो पदराला पुसला.

ती गेल्यावरही आई त्या नळाकडे बघत होती.

“तिला मुलगी आहे?” तिनं विचारलं.

“माहीत नाही.”

“तिचं टिंब उडालं होतं?”

“हो.”

“आणि तू नाही बसवलंस.”

“बोट उचललं, आई. दुसरं काही केलं नाही मी. एक अक्षर खोटं लिहिलं नाही.”

तो वाट बघत राहिला. फुकट्यांना भर रस्त्यात उतरवणारी बाई होती ती; आता ती तोंड सोडेल, हात उगारेल, हाकलून देईल. तिनं तसं केलं असतं तर त्याला बरंच वाटलं असतं. इतके दिवस छातीवर बसलेलं उतरलं असतं. पण आई खिडकीबाहेर बघत होती.

“तिचा अर्ज कुणाकडे येईल?”

“पाहणीला माझ्याकडेच.”

“खरं लिहिलंस तर?”

“तर हे घर तिला परत. तळमजल्यावर दुसरं रिकामं नाही. आपल्याला वर मिळेल कुठंतरी.”

“वर म्हणजे?”

“असेल त्या मजल्यावर.”

आईनं त्याच्या पाठीकडे पाहिलं. सदऱ्याखाली पट्टा जाड दिसत होता. मग तिनं स्वतःच्या पायांकडे पाहिलं, दुसऱ्या कुणाचे पाय असावेत तसं. बाहेर दोन पोरं भांडत चालली होती. रोज तिनं त्यांना दटावलं असतं.

“दार लाव,” ती म्हणाली.

“अजून उजेड आहे, आई.”

“लाव म्हटलं ना.”

अर्ज आला. पाहणीसाठी त्याला कुठं जावं लागलं नाही. स्वतःच्याच स्वयंपाकघरात उभं राहून त्यानं टॅबवर लिहिलं, ‘अर्जदार सदर घरात राहत नाही.’ आई शेजारीच भाजी निवडत होती. काय लिहिलंस, असं तिनं विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. लिहिलेला शब्द न् शब्द खरा होता.

“नामंजूर झालाय, मावशी,” त्यानं दुसऱ्या दिवशी बाकाशी थांबून सांगितलं.

चेनवालीनं दोरा दातानं तोडला. “असू दे. तू केलंस तेवढं खूप झालं,” ती म्हणाली. “आईला बरं नाही का रे? दार बंद असतं हल्ली.”

“झोपलेली असते.”

“झोपू दे. मी आहेच इथं. उठल्या की सांग.”

आई झोपलेली नसायची. तिनं खुर्ची आतल्या खोलीत न्यायला लावली होती. तिथल्या खिडकीतून मागच्या इमारतीची भिंत दिसायची, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. चेन बसवून घ्यायला कुणी दार वाजवलं तर ती ओ द्यायची नाही. ‘आज कोण कोण भेटलं’ हे विचारायचंही तिनं सोडून दिलं.

संध्याकाळी मात्र ती तयार व्हायची. केस विंचरायची, स्वच्छ साडी नेसायला त्याची मदत घ्यायची, आणि पायांत चपला घालायला लावायची. चार पावलं अंगणात फिरवून आण, एवढंच तिचं मागणं असायचं, आणि त्याला एकच अट होती.

“गेली का ती?”

त्यानं दार बोटभर उघडून पाहिलं. बाकावर ती होती. दार हललेलं पाहून तिनं हात वर केला.

“नाही,” तो म्हणाला.

“बरं.”

थोड्या वेळानं तिनं पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा पाहिलं. बाहेर दिवे लागले होते. निवारा उघडला असेल, पण ती तिथंच बसून होती, त्यांच्या दाराकडे तोंड करून, कुणीतरी आत बोलावेल म्हणून.

“नाही अजून.”

आईनं मान भिंतीकडे वळवली. तो खाली बसला आणि तिच्या पायांतल्या चपला काढू लागला.